घरचा तंटा, परका निवाडा

माझ्या आजीचे माहेर शहापूरचे आणि सासर बेळगावच्या किल्ल्याजवळचे. दोन्ही घरांत तासाभराच्या चालीचे अंतर. मधे नदी नाही, डोंगर नाही, घाट नाही. तरी आजी लहान असताना ती वाट चालणाऱ्याचे राज्य बदलायचे. बेळगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होते आणि शहापूर सांगलीच्या पटवर्धनांचे. लुगड्यांच्या विणकामासाठी नाव मिळवलेली ही पेठ मार्च १९४८ मध्ये सांगली संस्थान विलीन होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिली.

कृष्णाकाठच्या सांगलीची पेठ बेळगावच्या कुशीत आली कशी, हा प्रश्न मला शाळकरी वयात पडला. इतिहासाच्या पुस्तकात त्याचे उत्तर नव्हते. त्याच पुस्तकात अथेन्स आणि स्पार्टा मात्र होते. त्यांची भांडणे आम्ही तोंडपाठ करून परीक्षेत लिहिली. पुढे शिक्षक म्हणून निपाणीत आलो, तेव्हा माझेही विद्यार्थी तेच करत होते. पेलोपोनीसचे युद्ध इ.स.पू. ४३१ मध्ये सुरू झाले, हे त्यांना माहीत होते. आपल्याच टापूतल्या पट्टणकुडीच्या लढाईचे नाव मात्र वर्गात एकालाही ठाऊक नव्हते. प्रस्तुत लेखसंग्रहाची कल्पना त्या वर्गात सुचली.

या संग्रहाचा विषय आहे वारणेपासून तुंगभद्रेपर्यंतच्या मुलखातल्या लहान-मोठ्या सत्तांची आपसांतली युद्धे. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा आणि मलप्रभा या नद्यांनी हा मुलूख विणलेला आहे. अठराव्या शतकात इथे करवीरचे, म्हणजे कोल्हापूरचे, छत्रपती होते. मिरज, तासगाव, कुरुंदवाड इथे पटवर्धनांची घराणी होती. इचलकरंजी आणि मुधोळला घोरपडे, कागलला घाटगे, निपाणीला निंबाळकर, कित्तूरला देसाई आणि घाटाखाली वाडीचे सावंत. प्रत्येकाचा किल्ला किंवा गढी, प्रत्येकाचे दैवत, दप्तर आणि मानपान. यांतली कितीतरी घराणी एकमेकांची सोयरी होती. एकाच अंबाबाईला आणि एकाच जोतिबाला सर्वांचे नवस, आणि सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर मराठी नि कानडी भाविक एकाच वाटेने चढत. तरी हेच लोक वर्षानुवर्षे एकमेकांची गावे जाळत राहिले.

इथेच ग्रीस आठवतो. तिथेही हजाराच्या घरात नगरराज्ये होती. भाषा एक, देव तेच, ऑलिंपियाच्या खेळांना सगळे एकत्र जमत, आणि तरी पिढ्यान्‌पिढ्या युद्ध. अथेन्स आणि थीब्ज यांच्या सीमेवर ओरोपोस नावाचे छोटे गाव होते. ते किती वेळा इकडचे तिकडे झाले याची मोजदाद कठीण. आपल्याकडे चिकोडी आणि मनोळी या दोन तालुक्यांची तीच गत झाली.

युद्धाचे पंचांगही मिळतेजुळते होते. आपल्याकडे पाऊस सरला, नद्या उतरल्या की दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा निघत. आज आपण आपट्याची पाने वाटतो. तेव्हा सीमा ओलांडणे हे खरेखुरे ओलांडणे होते. शिवारात जोंधळा कणसांत भरत असायचा आणि घोडदळाला वैरण लागायची. शेजारच्या राज्याचे उभे पीक कापून आणले की आपल्या घोड्यांचे पोट भरे आणि त्याच्या रयतेचे रिकामे होई. स्पार्टाची फौजही अथेन्सच्या मुलखात धान्य पिकायच्या सुमारास उतरायची आणि शेते उजाड करून परतायची. युद्धाची पहिली झळ दोन्हीकडे कुणब्यालाच लागली.

या भूमीवरचे शेजारवैर मराठ्यांच्या काळात जन्मलेले नाही. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती उभी आहे. तिच्या छताला काळ्या दगडात कोरलेले कमळ खाली झुकलेले आहे. मान वर करून त्याच्या पाकळ्या मोजू लागले की बाहेरच्या रस्त्याचा आवाज ऐकू येईनासा होतो. ही बस्ती १२०४ च्या सुमारास रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या मंत्र्याने, बीचिराजाने, बांधली. रट्टांची जुनी राजधानी सुगंधवर्ती, म्हणजे आजची सौंदत्ती. पुढे ती वेणुग्रामला, म्हणजे बेळगावला आली. उत्तरेला पन्हाळ्याचे शिलाहार, पश्चिमेला गोव्याचे कदंब आणि मधे रट्ट, अशी तिहेरी ओढाताण चालू होती. तिचा शेवट देवगिरीच्या यादवांनी केला. सिंघणाने पन्हाळ्याच्या भोजाला हरवले आणि त्याच्या सेनापतीने पुढे रट्टांनाही नमवले. तिघे शेजारी झुंजले आणि मुलूख चौथ्याकडे गेला. हा साचा पुढे सहाशे वर्षांत पुन्हा पुन्हा दिसतो.

ज्या काळावर या संग्रहाचा भर आहे, त्याची सुरुवात १७३१ पासून धरता येईल. त्या वर्षी साताऱ्याचे शाहू आणि करवीरचे संभाजी या चुलत भावांत वारणेचा तह झाला. वारणा-कृष्णेच्या दक्षिणेचा तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख करवीरकडे आला. एका घराच्या दोन गाद्या झाल्या आणि नदी हद्द ठरली. कागदावरची हद्द जमिनीवर उतरणे मात्र अवघड होते. त्या मुलखात सावनूरचा नवाब होता, ठिकठिकाणचे देसाई होते आणि पुण्याचा डोळाही दक्षिणेकडेच होता.

पेशव्यांनी पटवर्धनांना कृष्णाकाठी मोठा सरंजाम दिला. म्हैसूरच्या हैदराला अडवणे हा त्यातला एक हेतू आणि करवीरवर वचक ठेवणे हा दुसरा. गंमत नव्हे, शोकांतिकाच म्हणावी अशी गोष्ट ही की पटवर्धनांचे मूळ पुरुष हरभट हे इचलकरंजीकर घोरपड्यांचे कुलोपाध्याय, आणि इचलकरंजीकर हे करवीरच्या छत्रछायेतले सरदार. पण इचलकरंजीच्या व्यंकटरावांना पेशव्यांच्या घरची अनूबाई दिलेली, म्हणून त्यांचा ओढा पुण्याकडे. सोयरीक एकीकडे, चाकरी दुसरीकडे आणि वतन तिसरीकडे, असा हा गुंता होता. कोण कोणाचा शत्रू हे ठरवायला नकाशा पुरत नाही. वंशावळ हाताशी घ्यावी लागते.

मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाविरुद्ध मराठी फौजा एकत्र उभ्या राहिल्या. सेनापतिपद तासगावच्या परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होते. ग्रीकांनी इ.स.पू. ४७९ मध्ये प्लातेआला इराणी फौजेचा पराभव केला, तेव्हा अथेन्स आणि स्पार्टा असेच एका बाजूला होते. त्यांचे बिनसून मोठे युद्ध पेटायला अठ्ठेचाळीस वर्षे लागली. आपल्याला पाच वर्षेसुद्धा लागली नाहीत. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर पुण्यात गादीचा घोळ सुरू झाला. नाना फडणीस आणि परशुरामभाऊ एकमेकांविरुद्ध गेले. महाडात असलेल्या नानांनी करवीरकरांना भाऊंच्या जहागिरीवर जाण्याची चिथावणी दिली. करवीरच्या फौजेने तासगावचा भाऊंचा वाडा जाळला. पुढे नाना-भाऊंचे जुळले, पण जळलेला वाडा तसाच राहिला आणि वैरही. सप्टेंबर १७९९ मध्ये पट्टणकुडीला करवीरच्या फौजेशी गाठ पडली आणि परशुरामभाऊ त्यात गेले. ते रणात जखमी होऊन पडले इथवर सर्वांचे एकमत आहे. त्यानंतर त्यांचे काय झाले याच्या हकिकती मात्र घराण्याघराण्यांप्रमाणे बदलतात. भाऊंचे पुत्र रामचंद्रपंत आप्पा सुडासाठी निघाले. शिंद्यांची कवायती पलटण ब्राउनरिग नावाच्या अंमलदारासह दिमतीला आली आणि कोल्हापुराला वेढा पडला. मार्च १८०० मध्ये नाना वारले, पुण्यातले वारे फिरले, आणि शहर वाचले.

याच धामधुमीत निपाणीचे सिद्धोजीराव नाईक निंबाळकर, म्हणजे आप्पासाहेब निपाणकर, पुढे आले. दुसऱ्या बाजीरावाच्या मर्जीतले हे सरलष्कर १८०३ च्या मोहिमेत इंग्रज सेनापती वेलस्लीबरोबर होते. चिकोडी-मनोळीवर त्यांनी हात टाकला आणि करवीरशी त्यांचे उघड वैर जडले. १८०८ मध्ये सावगावच्या लढाईत त्यांनी करवीरच्या फौजेचा मोड केला. त्याच सुमारास वाडीच्या लक्ष्मीबाईंनी करवीरने घातलेला वेढा उठावा म्हणून निपाणकरांची मदत मागितली. वेढा उठला, पण मदतीला आलेले निपाणकरच वाडीकरांना डोईजड झाले.

आता मी या संग्रहामागच्या मुख्य विचारापाशी येतो. ही सगळी भांडणे ज्या कारणांनी झाली, ती कारणे त्या त्या माणसांपुरती खरी होती. देसगतीचा हक्क, थकलेली खंडणी, जाळलेला वाडा, मारलेला बाप. त्यांना वेडे किंवा स्वार्थी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. खरी हानी झाली ती निवाडा करणारा बाहेरून आणला तेव्हा. पूर्वी वतनाचा तंटा गोतसभेपुढे जाई, दिव्य होई, महजर होई. राज्याराज्यांच्या तंट्याला असे घरचे ठिकाण उरले नव्हते. साताऱ्याची गादी नावापुरती होती आणि पुणे स्वतःच एक पक्ष होते. म्हणून १८१२ च्या उन्हाळ्यानंतर जे घडले ते अटळ वाटू लागले. जुलैत पंढरपूरला पेशवे आणि दक्षिणेतले जहागीरदार यांच्यात समेट झाला, तो पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याच्या मध्यस्थीने. १ ऑक्टोबरला करवीरने ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. चिकोडी-मनोळीवरचा दावा सोडला, मालवणचे बंदर दिले, आणि यापुढे इतर सत्तांशी होणारे तंटे कंपनीपुढे ठेवण्याचे मान्य केले.

ग्रीकांचेही असेच झाले. अथेन्सला हरवण्यासाठी स्पार्टाने इराणी सोने घेतले. इ.स.पू. ३८६ चा तह तर इराणच्या राजाने पाठवलेल्या पत्राच्या आधारे झाला. ज्या इराणला प्लातेआला मिळून हरवले होते, त्याचाच राजा आता ग्रीकांच्या हद्दी ठरवत होता. पुढे डेल्फीच्या देवस्थानाच्या तंट्यात मॅसिडोनियाच्या फिलिपला ग्रीकांनीच बोलावले. इ.स.पू. ३३८ मध्ये कायरोनियाला त्याने अथेन्स आणि थीब्ज या दोघांनाही हरवले.

चिकोडी-मनोळीचे पुढे काय झाले ते पाहावे. १८१७-१८ च्या युद्धात करवीरने इंग्रजांना मदत केली, म्हणून दोन्ही तालुके परत मिळाले. १८२७ च्या तहाने ते कंपनीने स्वतःकडे घेतले. एप्रिल १८१८ मध्ये इंग्रज सेनापती मन्रोने बेळगावचा किल्ला जिंकला होताच. १८२४ मध्ये कित्तूरचा वारस नाकारला गेला. राणी चन्नम्मांच्या फौजेने धारवाडचा कलेक्टर थॅकरे याला ठार केले, पण डिसेंबरात किल्ला पडला. १८३६ मध्ये बेळगाव जिल्हा वेगळा झाला. १८३९ मध्ये सिद्धोजीराव वारले आणि निपाणीही खालसा झाली. ज्या दोन तालुक्यांसाठी करवीर आणि निपाणी यांनी पिढीभर रक्त सांडले, ते दोघांपैकी कोणाकडेच राहिले नाहीत.

हा इतिहास आजवर कसा लिहिला गेला, तेही नव्या वाचकाने जाणून घेतले पाहिजे. पहिला थर बखरी, कैफियती आणि करिन्यांचा. प्रत्येक घराण्याने आपली बाजू मांडलेली. त्यात अतिशयोक्ती आहे, पण मानापमानाची जी बारीक नोंद आहे ती दुसरीकडे मिळत नाही. दुसरा थर १८२६ च्या ग्रँट डफच्या ग्रंथाचा. साताऱ्याला रेसिडेंट असताना त्याने कागद पाहिले, माणसांना विचारले. त्याची मेहनत मोठी आहे. पण त्याच्या मांडणीत लहान सरदार म्हणजे बखेडा आणि कंपनी म्हणजे बंदोबस्त, असा कल राहतो.

तिसरा थर मराठी संशोधकांचा. मिरजेच्या शाळेत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धन दप्तरातले कागद निवडून १८९७ पासून ऐतिहासिक लेखसंग्रहाचे भाग छापले. या प्रदेशाच्या अभ्यासाचा पाया त्यांनी घातला. इतिहासाचार्य राजवाडे, पारसनीस आणि रियासतकार सरदेसाई हे त्याच पिढीचे. गुलामीची जखम ताजी होती, त्यामुळे राज्य का गेले हाच त्यांच्यापुढचा प्रश्न होता आणि दुही व फितुरी हे त्यांना वारंवार सापडलेले उत्तर. पुढे कोल्हापुरात आप्पासाहेब पवारांनी ताराबाईकालीन कागदपत्रे प्रसिद्ध केली. त्यामुळे पुण्याच्या चष्म्यातून दिसणारे करवीर स्वतःच्या शब्दांत बोलू लागले.

चौथा थर कानडी आणि शिलालेखांचा. फ्लीटने कन्नड जिल्ह्यांच्या राजवंशांचा अभ्यास केला तेव्हापासून रट्ट, कदंब आणि शिलाहार यांचा काळ उजेडात आला. कित्तूरसारख्या सत्तेची बाजू कानडी साधनांशिवाय समजत नाही. मराठी दप्तरात कित्तूरकर हे खंडणी थकलेले देसाई आहेत, तर कानडी स्मृतीत स्वाभिमानाची मूर्ती. पाचवा थर अलीकडचा. आंद्रे विंक यांनी १९८६ मध्ये फितवा या शब्दाचाच फेरविचार केला. शत्रूच्या माणसाला फोडून, वतन देऊन आपल्याकडे आणणे ही त्या काळी राज्य वाढवण्याची रीतच होती, असे त्यांचे म्हणणे. यामुळे आपण ज्याला सरसकट गद्दारी म्हणत आलो, त्याकडे शांतपणे पाहता येते. मला हा विचार मोलाचा वाटतो, तरी पुरेसा वाटत नाही. फितवा ही रीत होती हे खरे. पण तिचे मोल कोणत्या शिवाराने चुकवले हेही लिहिले गेले पाहिजे.

त्या काळच्या मोडी पत्रांचा मायना मला नेहमी थांबवतो. वर श्री, मग लांबलचक उपाधी, मग येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे अशी विनंती, आणि मग विशेष. या विशेषात कोणती ठाणी घेतली, कोणाचे गाव लुटले, किती घोडी पडली हे सगळे येते. भांडणाऱ्यांचेही आधी कुशल विचारले जाते. हा नुसता शिष्टाचार असेल. तरी या माणसांना बोलण्याची समान भाषा शेवटपर्यंत होती, याचा तो पुरावा आहे.

हे सारे आज कशासाठी, असे कोणी विचारील. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, निपाणी आणि आजूबाजूचा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. या सीमावादासाठी महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. या सीमाभागात मराठी माणूस म्हणून मी आयुष्य काढले आहे. पाटीवरच्या अक्षरापासून शाळेच्या माध्यमापर्यंत जे सोसावे लागते, ते मला माहीत आहे आणि त्याबद्दलचे माझे मत मी इतरत्र मांडले आहे. या संग्रहाचे काम वेगळे आहे. करवीर-निपाणीच्या युद्धांना आजच्या मराठी-कानडी वादाचे रंग देणे इतिहासाला धरून होणार नाही. त्या लढायांत दोन्ही बाजूंना दोन्ही भाषा बोलणारे शिपाई होते.

तरी नद्या त्याच आहेत. २०१९ च्या महापुरात कोल्हापूर, सांगली आणि चिकोडी-निपाणीच्या गावांत एकाच वेळी पाणी शिरले. दूधगंगा आणि वेदगंगा राज्याची हद्द विचारून वाहिल्या नाहीत. धरणातून किती पाणी कधी सोडायचे याची बोलणी दोन्ही राज्यांना एकत्र बसूनच करावी लागतात. शेजाऱ्यांनी आपसांत निवाडा करण्याची कला आपल्या पूर्वजांना का साधली नाही, हे समजून घेण्याची गरज त्या पुराने मला नव्याने पटवली.

या संग्रहातले लेख एका मताचे नाहीत. करवीरकडून पाहणारे आहेत, मिरजेकडून पाहणारे आहेत, कानडी साधनांवर उभे असलेले आहेत. आम्ही लेखकांना एकच अट घातली होती. प्रत्येक लढाईच्या वर्णनात ती कोणत्या हक्कासाठी झाली, तिचा खर्च कोणी दिला आणि तिचा तह कोणापुढे झाला, हे तीन प्रश्न चुकवायचे नाहीत. वीरांच्या पराक्रमाचे लेखन आपल्याकडे भरपूर आहे. आम्ही तहनामे आणि हिशेब वाचायचे ठरवले. ग्रीसचा उल्लेख अधूनमधून येतो तो आरशासारखा. आरशात आपलाच चेहरा पाहायचा असतो, म्हणून ग्रीक इतिहासाचा तपशील गरजेपुरताच ठेवला आहे.

शहापूरचा प्रश्नही या कागदांतूनच उलगडतो. पटवर्धनांना दक्षिणेत मिळालेला सरंजाम १८०१ मध्ये वाटला गेला. मिरजेच्या गंगाधररावांपासून पुतणे चिंतामणराव वेगळे होऊन सांगलीला गेले, आणि शहापूर सांगलीच्या बाजूला राहिले. चुलत्या-पुतण्यांच्या त्या वाटणीने अनेक पिढ्यांनंतरही माझ्या आजीच्या माहेरची वाट दुसऱ्या राज्यात जात होती.

शेवटी वाचकांकडे एक मागणे. चिकोडी, हुक्केरी, खानापूर, कागल, गडहिंग्लज या भागांतल्या जुन्या वाड्यांत, कुलकर्ण्यांच्या आणि नाडगौडांच्या घरांत, माळ्यावर रुमालांत बांधलेली मोडी आणि कानडी दप्तरे अजून आहेत. ती वाळवीच्या तोंडी जाण्याआधी खाली काढा. वाचता आली नाहीत तरी चालेल. निदान रुमालाची गाठ सोडून उन्हात ठेवा आणि जवळच्या अभ्यासकाला दाखवा. या संग्रहातली कितीतरी विधाने त्या कागदांनी खोडली जातील. ती खोडली जावीत म्हणूनच हा संग्रह आम्ही वाचकांच्या हाती देत आहोत.